सहावी सही

उचगाव,
२६ ऑगस्ट २००७

प्रिय शिवा,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. उघडलं तर आत मीच पाठवलेला अर्ज, जसा घडी घालून पाठवला होता तसाच. जिथं मी पेन्सिलनं फुली करून 'इथं सही कर' असं लिहिलं होतं, तिथं तू पेननं 'नाही' लिहिलंस आणि खाली दोन रेघा ओढल्यास. मला आधी हसूच आलं. शाळेत असताना ताटातली शेपूची भाजी अशीच कडेला सारायचीस आणि अव्वानं डोळे वटारले की ताटावरून उठायचीस. बत्तीस वर्षांची झालीस, गडहिंग्लजला एवढं मोठं घर सांभाळतेस, सुष्मिता तिसरीत गेली, तरी हट्ट तोच.

सोबतची चिठ्ठी वाचली आणि हसू गेलं. तू लिहिलंस, जानेवारीत आपण सहा जणांनी छाती पुढं काढून पोलिसांना रक्त दिलं, आता तेच परत मागायचं म्हणजे आपल्या मनात काळं आहे असंच गाव म्हणणार. आपल्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय, असं विचारलंस. तुझं चुकत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं आणि दोनाऐवजी चार रेघा ओढल्या असत्या. पण पंधरा सप्टेंबरच्या आत सहाही सह्यांचा अर्ज गेला नाही तर आपल्या रक्ताचं ते पाकीट सीलसकट तपासणीला जाणार आहे. पंचनामा एक, सील एक, म्हणून सह्या सगळ्यांच्या हव्यात, असं चौकीतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. माझी सही झाली, अव्वाचा अंगठा झाला, भरमाप्पाकाका आणि त्यांच्या दोन्ही पोरांच्या सह्या झाल्या. तुझी एक राहिली.

याआधी तुला दोनदा लिहिलं. एकदा लिहिलं, नियम आहे. एकदा लिहिलं, मॅडम म्हणतात. दोन्ही खरं होतं, पण पुरं नव्हतं. म्हणून आज रविवार बघून, दाढीसुद्धा न करता, बसलोय. मला पत्रं लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. पण गेली दोन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रोबेशनच्या मॅडमपुढं बसून मनातलं बोलायची थोडी सवय लागली, तिचाच आज उपयोग करतो.

मघाशी कागद शोधताना तुझी कॉलेजातली एक वही सापडली. मागच्या पानावर माझं चित्र काढलंयस, डोक्यावर वाळूचा डोंगर आणि खाली 'काळा माणूस घरी आला' असं लिहिलंयस. मी शिरोलीला फाउंड्रीत लागलो तेव्हा तू सातवीत होतीस. संध्याकाळी मी आलो की तू दारातच अडवायचीस आणि खिसे उलटे करायला लावायचीस. साच्याची काळी वाळू ओंजळभर निघायची. अव्वा ओरडायची, ती घाण घरात आणू नका. तू मात्र ती वाळू डब्यात साठवायचीस, दिवाळीच्या किल्ल्याला. आपल्या गल्लीतला किल्ला दर वर्षी काळाकुट्ट असायचा आणि तू सगळ्यांना सांगत सुटायचीस की खरा सह्याद्री काळाच असतो.

त्र्याण्णव साली तू कॉलेजला जायला लागलीस तेव्हा काकांनी आप्पांना विचारलं होतं, पोरीला एवढं शिकवून काय करणार. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला जुनी लुना घ्यायला पाठवलं. पहिल्या पाळीला जाताना मी तुला शहरात सोडायचो. तावडे हॉटेलच्या चढाला लुना दमायची आणि तू उतरून मागून ढकलायचीस, साडी खोचून, कोण बघतंय याची पर्वा न करता. एकदा तुझ्या मैत्रिणींनी बघितलं तर म्हणालीस, आमचा अण्णा मला व्यायाम शिकवतो. बी.ए.चा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आपण रंकाळ्यावर भेळ खाल्ली, तू दोन प्लेट, मी एक. आणि तू म्हणालीस, अण्णा, आता मला कोण काय म्हणतंय बघू. त्या बोलण्याचा नूर अगदी आप्पांचा होता. सगळे म्हणायचे, पोरीचा राग बापाचा आणि नाक आईचं. अव्वा तर पाहुणे आले की तुला मुद्दाम उजेडात उभी करून नाक दाखवायची.

सत्त्याण्णवला तुझं लग्न ठरलं. संगमेशरावांकडची माणसं बघायला आली तेव्हा मी मधल्या दारात उभा होतो आणि हातातला चहाचा ट्रे पाहुण्यांपुढं न्यायचाच विसरलो होतो. तुला वाटलं, बहीण जाणार म्हणून अण्णा हळवा झालाय. चिडवून चिडवून तू मला भंडावलंस. हळवा होतोच, पण भीतीही होती. ती कसली हे पुढं येईल. लग्नात तुला मी ओतून दिलेलं लोखंडी आप्पेपात्र अजून वापरतेस हे सुष्मितानं सांगितलं. ते मी ओतकामातल्या उरलेल्या धातूचं केलं होतं, घाईत साचा बिघडला आणि सातही खळगे सात मापांचे झाले. तुझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा आप्पे बघून विचारलं होतं म्हणे, भावाला मोजता येत नाही का.

आता नको असलेलं लिहितो. ऑक्टोबर दोन हजार दोन. आपल्याच गल्लीतला गुंडू, माझ्याच पाळीतला, जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी काही बोलला आणि मी वाळू ठोकायचा दांडा उचलून त्याच्या डोक्यात घातला. अकरा टाके. मी कधी कुणाला चापट मारलेली तू बघितली नव्हतीस. कोर्टात वकील माझ्या मागं लागले होते, तो काय बोलला ते सांगा, चिथावणी होती म्हटलं तर केस हलकी होईल. मी एकच सांगितलं, राग आला, मारलं. जज्जसाहेबांनी पहिलाच गुन्हा, वय, नोकरी बघून तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. तू किती वेळा विचारलंस, काय बोलला तो? तुझ्या सासरी 'केसवाल्याची बहीण' ऐकून घेतलंस, दोन दिवाळ्या माहेरी आली नाहीस, तरी मी तोंड उघडलं नाही. तुझा माझ्यावर राग होता आणि तो रास्त होता. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो. आधीच मागायला हवी होती.

संयोगिता मॅडम, म्हणजे आमच्या प्रोबेशन अधिकारी, बाई कडक पण मनानं सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी फॉर्म काढला. त्यात 'गुन्ह्याचे कारण' असा रकाना. मी नकारार्थी मान हलवली. त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा, नाही वाटलं तर नका सांगू, ते तुमचं आहे. पोलीस, वकील, गाव, सगळे 'सांग, सांग' म्हणत असताना ही एक बाई म्हणाली की ते तुमचं आहे. मला तेव्हा त्याचा अर्थ नीटसा कळला नव्हता.

मग या जानेवारीतली ती चोरी. सराफाच्या दुकानाची काच फोडताना चोराचा हात कापला आणि काउंटरवर रक्त सांडलं. शहरातल्या चौकीनं बाँडवर असलेल्या सगळ्यांना रक्त द्यायला बोलावलं. तू संक्रांतीला आली होतीस. मी निमूट जाऊन येणार होतो. पण तुला कळलं, आणि तू पदर खोचून निघालीस, मागं अव्वा, काका, काकांची पोरं. सगळी वरात. चौकीच्या पायऱ्यांवर उभं राहून तू त्या साहेबाला सुनावलंस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "एकट्या माझ्या भावाचंच का म्हणून? आमचंबी घ्या की. आमचं रगात एकच हाय, तपासा कुठं तपासायचं ते." काका म्हणाले, व्हय व्हय, घ्या आमचंबी, कळू दे तरी घर कसलं हाय ते. अव्वानं तर बाही वर करून हात पुढं केला. साहेब हसला आणि म्हणाला, घ्या हो डॉक्टर, चांगलंच आहे. जाड कागदावर सहा जणांच्या रक्ताचे ठिपके घेतले, प्रत्येकावर नाव आणि नातं लिहिलं. आई, चुलता, चुलतभाऊ दोन, सख्खी बहीण. छापील कागदावर आपण सह्या ठोकल्या, वाचलं कुणीच नाही.

गल्लीत त्या दिवशी तुमचं केवढं कौतुक झालं. मलाही गहिवरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. माझी लाज तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतलीत. पण 'आमचं रक्त एकच' असं तू म्हणालीस तेव्हाच मी तुला गप्प करायला हवं होतं. चारचौघांत बोललो असतो तर तू का म्हणून विचारलं असतंस, म्हणून नाही बोललो.

पुढच्या हजेरीला मॅडमना सांगितलं तर त्या चिडल्याच. म्हणाल्या, बाँड काढा. मी काढला. म्हणाल्या, यात काय आहे, भांडण करायचं नाही, दारू प्यायची नाही, न विचारता जिल्हा सोडायचा नाही, महिन्याला हजेरी. रक्त कुठं लिहिलंय? "मल्लेश, बाँडवर आहात म्हणून तुमचं अंग काही सरकारजमा झालेलं नाही. आणि तुमच्या घरच्यांनी तर काहीच केलं नव्हतं." मग आपण सही केलेल्या कागदाची नक्कल त्यांनी मागवून मला वाचून दाखवली. त्यात होतं की हे नमुने या आणि पुढच्या कोणत्याही कामासाठी वापरायला आमची हरकत नाही. मी विचारलं, पुढचं काम म्हणजे कसलं? त्या म्हणाल्या, यातून चोर कळतो तसं कोण कुणाचं मूल हेही कळतं, अंगात पिढीजात आजार आहे का तेही कळतं, आणि एकदा कागदावर आलं की तो कागद कुणाच्या टेबलावर जाईल हे ना मला माहीत ना त्यांना. मी खुर्चीतून उठलो आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

चोर फेब्रुवारीतच सापडला, भलताच निघाला, कबूलही झाला. आपले ठिपके मात्र तसेच राहिले. जुलैत माझी दोन वर्षं संपली, मॅडमनी 'वर्तणूक चांगली' असं लिहून फाइल बंद केली आणि त्याच दिवशी मी विचारलं, आमचं रक्त परत मिळेल का? सुटलेला माणूस पेढे देतो, तू रक्त मागतोस, असं तिथला कारकून म्हणाला. मॅडमनी तीन वेळा चौकीच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हा कुठं साहेब म्हणाले, सहा जणांनी लेखी मागितलं तर नष्ट करतो, नाहीतर रेकॉर्डसाठी पुढं पाठवणार.

तुझं 'नाही' आलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो, मग हवं तर शिव्या घाल. तुझी सही मला हुबेहूब येते. तुझ्या प्रगतिपुस्तकावर आप्पांची ठोकायचो, तुझीही ठोकली असती, अर्ज गेला असता, विषय संपला असता. पेन उचललंही होतं. मॅडमकडं आडून विचारलं, बहीण लांब राहते, मी केली तर चालेल का? त्या म्हणाल्या, रक्त तिचं, सही तिची. तुम्ही केलीत तर त्या साहेबात आणि तुमच्यात फरक काय राहिला? मी घरी येऊन पेन कपाटात ठेवून दिलं. तुझ्याबद्दलची एक गोष्ट मी बत्तीस वर्षं माझी समजून सांभाळत बसलो होतो, आणि ती तुझी होती.

तर ऐक. पंच्याहत्तर सालची गोष्ट, मी अकरा वर्षांचा होतो. अव्वा शहरातल्या एका दवाखान्यात बाळंत झाली आणि मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. सकाळी आप्पांनी तिला पांढऱ्या फडक्यात घेतलं आणि मला बरोबर नेलं, घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून. रुद्रभूमीत त्यांनी स्वतः खड्डा खणला. मी विभूती दिली आणि तांब्यातलं पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी अव्वा घरी आली तेव्हा तिच्या मांडीवर तू होतीस, जोरजोरात रडणारी. दवाखान्यातल्या आया शालूबाई, म्हणजे गुंडूची आई, तुला पदराखाली घेऊन आली होती. कुणा बाईनं तुला जन्म दिला आणि तिच्या घरच्यांनी तुला नेलं नाही, एवढंच मला कळलं. गल्लीला वाटलं, अव्वालाच मुलगी झाली. पाचव्या दिवशी जंगम अय्यांना बोलावून तुझ्या गळ्यात इष्टलिंग बांधलं. ते बांधून झाल्यावर अव्वा म्हणाली, "आता ही माझ्या पोटचीच. ह्याच्यावर कुणी बोलायचं न्हाय." आप्पांनी माझा हात माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवून माझ्याकडून शपथ घेतली; ते गेले तरी ती मी पाळली. तुझं लग्न ठरताना हेच कुणी बोलेल म्हणून मी घाबरलो होतो. गुंडूला त्याच्या आईनं मरताना सांगितलं असावं. त्या दिवशी सुष्मिता बालवाडीत गाण्यात पहिली आल्याचं मी कौतुकानं सांगत होतो, भाची आमच्या आप्पांवर गेलीय म्हणत होतो, आणि तो बोलून गेला, "तुझ्या आप्पांवर कशी जाईल रं? माझ्या आईनं पदराखाली आणल्याली पोर ती." म्हणून मारलं. कोर्टात त्यानंही ते वाक्य सांगितलं नाही, डोक्याला अकरा टाके असताना. हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडं गेलो. त्याला त्या बाईचं नाव माहीत आहे. म्हणाला, तुला न्हाय सांगणार, ताईनं इचारलं तर तिला सांगीन.

आता पोलिसांच्या त्या पाकिटात माझ्या, अव्वाच्या आणि तुझ्या नावाचे ठिपके एकाखाली एक आहेत, शेजारी 'आई', 'सख्खी बहीण' असं लिहिलेलं. उद्या कुणा कारकुनानं ते वाचून चहाच्या टपरीवर सांगावं आणि तुझ्या सासूबाईंकडून तुला कळावं, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून हे पत्र. ते कळू नये म्हणून तुझी सही हवी आणि सही हवी म्हणून तेच सांगावं लागलं, मी हा असा शहाणा. आता सही कर किंवा करू नकोस. नाव विचार किंवा विचारू नकोस. संगमेशरावांना सांग किंवा सांगू नकोस. तू म्हणशील तसं, आणि तू काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या बाजूनं उभा राहीन, या वेळी दांडा न उचलता. अर्ज पुन्हा जोडलाय, पेन्सिलची फुली पुसून टाकलीय. अव्वाला परवा सगळं सांगितलं. रक्तातून आई कळते हे तिला ठाऊकच नव्हतं. बराच वेळ बाहीवरून हात फिरवत बसली आणि म्हणाली, मग मी कशाला दिलं रं? मग म्हणाली, तू लिव्ह, माझ्याच्यानं तोंडानं व्हणार न्हाय. सकाळपासून तिनं मला चार वेळा विचारलंय, "समदं कळल्यावर मला अव्वा म्हणंल न्हवं ती?" मी म्हटलं, तिलाच विचार. पत्र पोचायला तीन दिवस लागतात हे तिला दोनदा समजावलं. अजून मी पाकिटाला डिंकसुद्धा लावलेला नाही, आणि ती आत्तापासून फोनजवळ पाट टाकून बसली आहे.

तुझाच,
मल्लेशअण्णा